सुबाभळीचा पाला आणि दोन साडू

"पुढच्या महिन्यात या टेबलावर कोंबडी येईल ती माझ्या शेडमधली! नाही आली तर कोंबड्या पाळणं सोडीन आणि घरात बसून लोकरीचे मोजे विणीन!"

धाकट्या जावयांनी भर जेवणात, हातातली तंगडी तलवारीसारखी उगारून ही प्रतिज्ञा केली, तेव्हा सगळे क्षणभर चावायचे थांबले. गंमत अशी की ती तंगडी थोरल्या जावयांच्या शेडमधली होती. आणि चवीला फार छान होती, हेच तर धाकट्यांचं दुखणं होतं!

दोन्ही जावयांचा धंदा एकच, ब्रॉयलर कोंबड्यांचा. शेड सारख्याच लांबीच्या, पिल्लं एकाच ठिकाणाहून आणलेली, पाण्याची भांडीसुद्धा एकाच दुकानातली. पण दर रविवारी दोन्ही लेकी-जावयांनी जमायचं, सासूबाईंनी अख्खी कोंबडी कातडीसकट ओव्हनमध्ये भाजायची, आणि ती कोंबडी थोरल्यांकडूनच यायची, हा त्या घरातला कायदा होता. कारण एकच. रंग! थोरल्यांची कोंबडी अशी पिवळीधमक की न भाजताच लोणी फासल्यासारखी दिसे. धाकट्यांची वजनाला तसूभरही कमी नव्हती, पण रंगाने फटफटीत. एकदा ते हौसेने घेऊन गेले, तर सासूबाईंनी ती ओट्यावर उलटीसुलटी करून पाहिली आणि काळजीने विचारलं, "जावईबापू, हिला बरं नव्हतं का हो?"

त्या दिवसापासून धाकट्यांच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबलंच नाही. माणसाला साडूच्या घराचा मत्सर वाटतो, साडूच्या गाडीचा वाटतो, डोक्यावर टक्कल असेल तर साडूच्या केसांचाही वाटतो. आपले धाकटे जावई मात्र साडूच्या कोंबडीच्या पायांवर जळत होते! रात्री डोळे मिटले की त्यांना ते पिवळे पाय दिसायचे.

"काय गरज होती एवढं बोलायची?" घरी परतताना बायको म्हणाली.

"तुझ्या दाजींचं कौतुक ऐकून कान किटले माझे!"

"दाजी निदान तंगडी हातात धरून भाषणं करत नाहीत."

बघा! घरचं माणूससुद्धा त्याच पक्षात. धाकट्यांच्या अंगाची लाही लाही झाली. दुसऱ्याच दिवशी वजनकाटा मागायचं निमित्त काढून ते थोरल्यांच्या शेडवर जाऊन धडकले.

थोरले स्वभावाने मोकळे. चहा दिला, काटा दिला, वर शेड फिरवून दाखवली. खाद्याच्या खोलीत एका पोत्यात हिरवीगार भुकटी होती. धाकट्यांच्या नजरेने ती बरोबर टिपली.

"हे काय हो, साडूभाऊ?"

"हे होय? सुबाभळीचा पाला. चपट्या शेंगांचं झाड नाही का कालव्याच्या काठाने? तुरीच्या, वाटाण्याच्या कुळातलंच ते. पाला सावलीत वाळवायचा, उन्हात रंग उडतो. मग दळायचा आणि खाद्यात मिसळायचा. प्रथिनं मिळतात, कोंबडीला रंगही चढतो. पण शंभर किलोत पाच किलो हं, साडूबुवा! त्याच्यावर जायचं नाही. जास्त झालं की वाढ खुंटते."

आता कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, आभारी आहे. धाकटे घरी आले आणि खुर्चीत विचार करत बसले.

"मला सांग," ते बायकोला म्हणाले, "गुपित सांगणारा माणूस काय करतो? आधी दार लावतो. आवाज खाली आणतो. कुणाला सांगू नका म्हणून शपथ घालतो. तुझे दाजी चहा ढवळत ढवळत सांगत होते! म्हणजे काय?"

"म्हणजे त्यांच्या मनात काही नाही."

"म्हणजे ते खोटं बोलत होते! साडू साडूला खरं प्रमाण सांगेल? पाच म्हणाले ना, म्हणजे पन्नास असणार! शून्य गिळलं! आणि वाढ खुंटते वगैरे मला घाबरवायला!"

"अहो, ते खरंच पाच असेल."

"तू गप्प बस. तू त्यांची मेहुणी आहेस."

आणि मोहीम सुरू झाली. धाकटे कोयता घेऊन कालव्यावर गेले आणि अलीकडच्या काठावरची एकूण एक सुबाभूळ त्यांनी अशी ओरबाडली की पाखरांना बसायला सावली उरली नाही. स्कूटरवर भारे बांधून ते घरी यायला लागले. लांबून बघणाऱ्याला वाटावं, झुडूप स्कूटर चालवतंय. पाला सावलीत वाळवायचा होता, आणि त्यांच्याकडे भरपूर सावली एकाच ठिकाणी होती. झोपायच्या खोलीत! पलंगावर पाला, कपाटावर पाला, आरशापुढे पाला, आणि वर पंखा फुल्ल.

"मी झोपू कुठे?" बायकोने दारातून विचारलं.

"पाल्यावर झोप. गार लागतो."

"तुम्ही कुठे झोपणार?"

"मी झोपणार नाही. मी पाला वर-खाली करणार."

बायको उशी घेऊन स्वयंपाकघरात गेली. त्या आठवड्यात तिच्या केसांत, टॉवेलमध्ये, चहाच्या गाळणीत, जिथे म्हणाल तिथे बारीक पानं निघत होती. धाकटे म्हणाले, "थोडं सहन कर, रंग येऊ दे!" तिच्या चेहऱ्यावर रंग आलाच होता, पण तो लाल होता.

मग दळणाचा प्रश्न आला. घरातला मिक्सर पहिल्याच दिवशी धूर काढून शांत झाला. धाकट्यांनी पोती उचलली आणि तडक कोपऱ्यावरची पिठाची गिरणी गाठली. गिरणीवाला आधी नाहीच म्हणत होता. "औषधी आहे हो," धाकटे म्हणाले, आणि तो भाबडा माणूस फसला. पोती दळून झाली, धाकटे शीळ घालत घरी आले. त्यांच्यामागून ज्यांनी ज्यांनी गहू दळले त्यांचं पीठ मात्र हिरवं निघालं! एका घरात पोरांनी जेवण नाकारलं, एका घरात सासूने सुनेला धारेवर धरलं, आणि शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांनी तर पिठाला बुरशी आली म्हणून नमुना बाटलीत भरून ठेवला. दुसऱ्या दिवशी गिरणीच्या दारावर खडूने लिहिलेलं होतं: इथे पाला दळला जाणार नाही. बायको डबा घेऊन गेली तर गिरणीवाल्याने तो डबा उघडून, वास घेऊन, तीनदा हात घालून तपासला.

"मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत तुम्ही!" ती घरी येऊन म्हणाली.

"रविवारी माहेरी जाऊन बघ, तिथे जागाच जागा होईल," धाकटे म्हणाले आणि खाद्य कालवायला बसले. एक पोतं खाद्य, एक पोतं पाला. अर्धं-अर्धं. कसलीही काटकसर नाही!

कोंबड्यांनी पहिल्या दिवशी भांड्यात पाहिलं आणि मग धाकट्यांकडे पाहिलं. पाहुण्याला चुकून दुसऱ्याचं ताट वाढावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. त्यांनी नखांनी पाला बाजूला सारून मक्याचे कण शोधले. ते संपल्यावर पोटात कावळे ओरडायला लागले, तेव्हा नाइलाजाने पाला खाल्ला. आणि रंग चढायला लागला! आधी पाय पिवळे झाले, मग चोच, मग कातडी. असा पिवळा की अंड्यातल्या बलकाने लाजावं. धाकट्यांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. त्यांनी एक कोंबडी उचलून बायकोच्या नाकासमोर धरली.

"बघ! बघ रंग! आहे का तुझ्या दाजींकडे असा रंग?"

"रंग दिसतोय," बायको म्हणाली, "कोंबडी कुठाय?"

प्रश्न बिनतोड होता. कोंबड्या पिवळ्या होत होत्या, पण वाढत नव्हत्या. ब्रॉयलर म्हणजे खरं तर बसकं जनावर. खावं, बसावं, पुन्हा खावं. धाकट्यांच्या कोंबड्या मात्र हलक्याफुलक्या झाल्या आणि एके सकाळी चक्क उडाल्या! एक पंख्यावर जाऊन बसली, दोन पत्र्यावर, आणि एक तर हेडमास्तरांच्या गच्चीवर उतरली. ते पाहून हेडमास्तरांनी विचारलं, "अहो, पोपट पाळलेत का?"

आता मात्र धाकट्यांच्या पायाखालची जमीन सरकली. साडूने खरं सांगितलं होतं. पाच म्हणजे पाचच! खोटं बोलला असता तर त्याचा राग तरी करता आला असता. आता राग कुणावर करायचा? आणि नेमका त्याच दुपारी सासूबाईंचा फोन आला.

"जावईबापू, महिना झाला हो! या रविवारी तुमची कोंबडी. थोरल्यांना सांगून टाकलंय मी, तुम्ही आणू नका म्हणून. आणि जरा मोठी बघा, आपण सगळे आहोत."

धाकट्यांनी सगळ्यात थोराड कोंबडी निवडून थोरल्यांच्याच काट्यावर ठेवली. काटा हलला, पण उगाच, भीड म्हणून. ही कोंबडी सासऱ्यांच्या ताटात गेली असती तर त्यांनी कोंबडी कधी येणार असं विचारलं असतं. सगळे पक्षी त्यांनी दुसऱ्याच दिवशी मिळेल त्याला देऊन टाकले आणि रविवारी सकाळी ते बाजारातल्या चिकनवाल्याच्या दुकानात उभे राहिले. मोठ्या कोंबड्या होत्या, पण पांढऱ्याफटक. त्या नेल्या तर सासूबाई पुन्हा तब्येतीची चौकशी करणार. कोपऱ्यात मात्र टपोऱ्या, पिवळ्याधमक कोंबड्यांची एक रांग होती.

"ही घ्या," चिकनवाला म्हणाला, "एक नंबर माल! तुमच्या साडूंच्याच शेडचा."

ज्या कोंबडीला हरवायला एवढं रामायण झालं, तीच कोंबडी स्वतःच्या हाताने पिशवीत घालायची! पण दुसरा इलाज नव्हता. त्यांनी तोंड फिरवून पिशवी पुढे केली.

दुपारी कोंबडी ओव्हनमधून बाहेर आली आणि सगळ्यांनी ताटं पुढे ओढली. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि डोळेच मिटले.

"याला म्हणतात कोंबडी! थोरले, तुम्ही रागावू नका, पण तुमची नेहमी जरा चिवटच असते हो. ही बघा, कशी लुसलुशीत!"

सासरे जेवताना फक्त मीठ मागायला तोंड उघडायचे. तेही म्हणाले, "रंगही जास्त खुलून आलाय."

थोरले चावत होते. चावता चावता त्यांच्या कपाळाची शीर उडत होती. आणि धाकटे? इतकी वर्षं ज्या कौतुकाची वाट पाहिली ते ताटात येऊन पडलं होतं, आणि ते गिळवत नव्हतं! कारण त्यांना माहीत होतं, लुसलुशीत आहे ती साडूची. खुललाय तो रंगही साडूचाच. सगळे त्यांची पाठ थोपटत होते आणि मनातल्या मनात ते पूर्वीपेक्षा दुप्पट जळत होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच! बायको एकटी भुवया उंचावून त्यांच्याकडे बघत होती. घरच्या शेडमध्ये काय उडत होतं, ते तिला माहीत होतं.

हात धुवायला उठले तर बेसिनपाशी थोरल्यांनी त्यांना गाठलं.

"साडूबुवा, काय घालता हो खाद्यात?"

"तुम्ही सांगितलंत तेच. पाला."

"किती?"

धाकट्यांनी एकदा खरं बोलायचं ठरवलं. "शंभराला पाच. जास्त घातला की वाढ खुंटते."

"अस्सं!" थोरले हळूच म्हणाले. "मी तुम्हाला सांगितलेलंच मला ऐकवता? मला?"

त्यांच्या डोळ्यांतली ती चमक धाकट्यांच्या ओळखीची होती. रोज दाढी करताना ती त्यांना आरशात दिसायची.

दोन दिवसांनी धाकटे नवी पिल्लं आणायला गेले होते. परत आले तेव्हा बायको म्हणाली, "दाजी येऊन गेले. काटा न्यायला आलो म्हणाले."

"मग?"

"मग काटा इथेच विसरून गेले. बराच वेळ खाद्याच्या खोलीत होते. पिंपाचं झाकण उघडं आहे."

धाकटे पळत गेले. पिंपात ते जुनं, अर्धं-अर्धं कालवलेलं, हिरवंगार खाद्य तसंच होतं. ते टाकून द्यायचं राहूनच गेलं होतं. शेड रिकामी, कोंबड्या गायब, आणि पिंप भरलेलं. थोरल्यांनी काय हिशेब मांडला असेल हे सांगायला ज्योतिषी नको. वाढ खुंटते म्हणावं, तर ती भली थोरली कोंबडी त्यांनी स्वतःच्या दातांनी खाल्ली होती!

आठवड्याभरात कालव्याच्या पलीकडच्या काठावरच्या सुबाभळीही बोडक्या झाल्या.

"अहो, दाजींना सांगा," बायको म्हणाली.

"सांगितलं की! बेसिनपाशी! विश्वास ठेवला नाही."

"मग पुन्हा सांगा."

"पुन्हा सांगितलं तर आणखी वाढवतील. मला त्यांचा स्वभाव माहीत आहे."

खरी गोष्ट वेगळी होती. धाकट्यांना आतून गुदगुल्या होत होत्या! रात्री त्यांना शांत झोप लागत होती. पिवळे पाय स्वप्नात येत, पण ते आता दिवसेंदिवस बारीक होत चालले होते.

मधले सगळे रविवार त्यांनी तसेच निभावले. नवी पिल्लं लहान होती, त्यामुळे दर रविवारी चिकनवाल्याकडे जायचं, पिवळ्या रांगेतली एक उचलायची, सासरी न्यायची आणि कौतुक गिळायचं. आणि मग सासऱ्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस आला. सासूबाईंनी फर्मान काढलं.

"थोरलेही हट्टाला पेटलेत. म्हणतात, या वेळी माझी कोंबडी खाऊन बघा, रंग बघाल तर थक्क व्हाल! तेव्हा दोघांनीही एकेक आणा. एकदाच काय तो निकाल लागू दे."

वाढदिवसाच्या सकाळी धाकटे शीळ घालत दुकानात शिरले आणि शीळ ओठांवरच विरली. पिवळी रांग होती. रंग असा की डोळे दिपावेत! पण प्रत्येक कोंबडी ओंजळीत मावेल एवढी.

"सध्या असंच येतंय बघा," चिकनवाला हळहळला. "साडूंच्या शेडला कुणाची तरी नजर लागली."

कुणाची, ते धाकट्यांना पक्कं माहीत होतं. पहिल्यांदा त्यांना हसू आलं. मग आठवलं की संध्याकाळी ओव्हनमध्ये काहीतरी जायला हवं. ते दुसऱ्या रांगेकडे वळणार, तोच मागून दबलेला आवाज आला.

"एखादी मोठी आहे का हो? कुणाचीही चालेल. फक्त मोठी द्या."

टोपी कपाळावर ओढून थोरले उभे होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्याही हातात रिकाम्या पिशव्या होत्या.

"तुम्ही इथे कसे, साडूबुवा?" थोरल्यांनी विचारलं.

धाकटे काही तरी थाप मारणार होते, पण चिकनवाल्याला कुठून बुद्धी झाली! तो कौतुकाने म्हणाला, "अहो, हे तर आपलं हक्काचं गिऱ्हाईक! दर रविवारी न चुकता तुमच्याच शेडची कोंबडी नेतात. दुसरी चालतच नाही यांना!"

"दर रविवारी?" थोरले सावकाश म्हणाले. "म्हणजे सासूबाई ज्या कोंबडीला लुसलुशीत म्हणाल्या ती..."

"तुमचीच."

"आणि चिवट म्हणाल्या ती?"

"तीही तुमचीच."

थोरल्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. छाती फुगली, टोपी वर गेली. आणि मग त्यांना आपली शेड आठवली आणि सगळं तेज फुस्स करून उतरलं.

"आणि तुमच्या पिंपातलं ते अर्धं-अर्धं?"

"त्यानेच तर माझ्या कोंबड्या उडायला लागल्या होत्या!"

"माझ्याही उडतात हो," थोरले रडवेल्या आवाजात म्हणाले. "कालपासून आमच्या हिच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतात! ही माझ्याशी बोलत नाही."

"माझी तर महिनाभर धड बोलत नव्हती."

हे ऐकून थोरल्यांना जरा बरं वाटलं. दुकानात मोठी म्हणावी अशी एकच कोंबडी उरली होती. आडदांड, म्हातारी, आणि रंगाने चुना फासलेल्या भिंतीसारखी. दोघांनी मिळून तीच घेतली, आणि एका पिशवीचा एक बंद याने, दुसरा त्याने धरून, सासरच्या दारात उभे राहिले. दोन्ही जावई एकत्र आलेले त्या दाराने पहिल्यांदाच पाहिलं. सासरे नवा शर्ट घालून टेबलाशी बसले होते, दोन्ही लेकी मान उंच करून बघत होत्या, आणि सासूबाईंनी पिशवीत हात घालून ती कोंबडी ओट्यावर काढली. उलटी केली. सुलटी केली. मग दोघांकडे वळून, कपाळाला आठ्या घालून त्यांनी विचारलं,

"अगं बाई! ही कोणाची?"

इतकी वर्षं ज्या मानापायी दोघे एकमेकांवर जळत आले होते, तो मान त्या क्षणी दोघांनीही मोठ्या मनाने, एका सुरात, एकमेकांकडे बोट दाखवून देऊन टाकला.

"यांची!"